शीग

बत्तीस वर्षं मी पोस्टात पार्सलं तोलली.
सुपीरियर सरोवरावरचा वारा खिडकीला भिडला
की काटाही थोडा थरथरायचा.
तो थांबेपर्यंत मी थांबायचो.
म्हणूनच चर्चच्या बायकांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं:
पाककृतींचं जुनं पुस्तक पुन्हा छापायचंय,
आणि पाळकांची सून म्हणते,
आता कप नकोत, ग्रॅम हवेत.

मला वाटलं, एका दुपारचं काम.
एक कप म्हणजे एक कप.

साखर गुणी निघाली. कशीही ओता, दोनशेच्या आसपास.
ओट्स नव्वद.
कोको पंच्याऐंशी, वर थोडा माझ्या चष्म्यावर.
ब्राउन शुगर चेपली तर दोनशे तेरा,
न चेपली तर तिचं तिलाच ठाऊक.
जाड मीठ चमचाभर तीन ग्रॅम, बारीक मीठ सहा;
तोच चमचा, तोच हात.

पण मैदा!
मी म्हटलं, मंगळवारी तळघरात या,
ज्याचा त्याचा कप घेऊन.
अकरा जणी आल्या.
लॉर्ना चमच्याने हळूहळू भरते, बाळाला भरवावं तशी:
एकशे अठरा.
इंगेबोर्ग कप थेट डब्यात खुपसते, सुरीने सपाट करते:
एकशे चव्वेचाळीस.
मार्सेला आधी चाळते. एकशे सात,
आणि तिला तो आकडा तसाच छापून हवा.
कुणी शीग ठेवते, भीत नाही.
कुणी काठाच्या खालीच थांबते;
तिचे वडील खाणीत होते,
संपाचं ते वर्ष अजून तिच्या मनगटात आहे.
वहीत अकरा आकडे झाले.
एकाला एक जुळेना.

पान त्रेचाळीस: सिल्वी निएमी, वेलदोड्याचा पाव.
सिल्वी जाऊन चार वर्षं झाली.
तिच्या पावाची वेणी सुटायची नाही.
बाकी सगळ्यांच्या ओव्हनमध्ये तो पसरायचा,
ओला टॉवेल टाकल्यासारखा.
तीस वर्षं कॉफीबरोबर कुजबुज चाललेली:
काहीतरी लपवलंय तिने.
एखादं अंडं. एखादी ओळ.
मार्सेला तर उघड म्हणायची.

वाइनो उशिरा आला, बर्फाचे बूट न काढता.
कोटाच्या खिशातून पत्र्याचा कप निघाला.
"मला स्वयंपाकातलं कळत नाही," म्हणाला,
"मी फक्त ऐकायचो. पहाटे, वरच्या खोलीतून."
त्याने कप भरला आणि टेबलावर आपटला.
ठक. ठक. ठक.
मैदा बोटभर खाली बसला.
वर आणखी भरला.
ठक. ठक. ठक.
काटा थांबला. एकशे एकाहत्तर.

कृतीत कप साडेचार.
मी गुणाकार केला, मग पुन्हा केला.
मार्सेलाच्या हिशेबाने
दोनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम मैदा
त्या पावात कधी पोचलाच नव्हता.

मापात पाप नव्हतं.
होते ते तीन ठोके,
आणि ते कागदावर लिहायचे असतात
असं सिल्वीला वाटलंच नसेल.
श्वास घ्या, असं कोण लिहितं?

मार्सेला काही बोलली नाही.
कप हातात घेऊन तिने रिकामाच ठोकला,
एकदा, हळू,
दार वाजवावं तसा.

मी लिहिलं: मैदा, सातशे सत्तर ग्रॅम.
त्यातला अर्धा ग्रॅम माझ्या पदरचा.

रविवारी मार्सेला पाव घेऊन वाइनोकडे गेली,
काटा घेऊन मीही गेलो, सवयीने.
वेणी सुटली नव्हती.
त्याने तुकडा तोडला, चावला,
बराच वेळ सरोवराकडे बघत राहिला.
"वेलदोडा कमी पडलाय."

पुस्तकात लिहिलंय: दोन चमचे.
मार्सेलाने माझ्याकडे पाहिलं.
मी वाइनोला विचारलं,
चमच्यांचा खण कुठला.